मोटार वाटेंत कां थांबते?

शाळामास्तरानें रेडिओवर यावें तें शुद्धलेखनावर किंवा मुलांच्या अभ्यासावर बोलण्यासाठीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि मोटारीच्या इंजिनाविषयीं बोलावयाचें तर तें एखाद्या इंजिनियरानें, हेंही खरेंच. मी इंजिनियर नाहीं. दहावीची परीक्षा, जिला आमच्या घरीं शेवटपर्यंत मॅट्रिकच म्हणत, ती उत्तीर्ण होऊन मी शिक्षकी पेशांत शिरलों आणि मुलुंडच्या एका शाळेंत वरच्या प्राथमिक वर्गांना विज्ञान व गणित शिकवीत निवृत्त झालों. परंतु सन २०२३ सालीं माझ्या जुन्या मोटारीनें मला जो अभ्यास करावयास लावला, तो मीं वर्गांत कोणाकडून करवून घेतला असेल असें वाटत नाहीं. त्या अभ्यासाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

गाडी हौसेची असती तर मी एवढा त्रास घेतलाच नसता. ती विकून मोकळा झालों असतों. परंतु आमच्या घरांतील मंडळींचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें आठवड्यांतून तीन वेळां त्यांना घाटकोपरला एका रुग्णालयांत डायलिसिससाठीं न्यावें लागतें. चार तास यंत्राशेजारीं पडून राहिल्यावर माणूस किती गळून जातो हें ज्यांच्या घरीं आहे त्यांना सांगावयास नको. रिक्षाचे धक्के त्यांना सोसत नाहींत, आणि लोकलच्या गर्दीचें तर नांवच नको. म्हणून वीस वर्षांची ती गाडी आम्हांला अन्नाइतकीच आवश्यक होती. ती २००३ सालीं नोंदलेली. १५ वर्षें पूर्ण झाल्यावर २०१८ मध्यें आणि पुनः २०२३ मध्यें परिवहन कार्यालयांत तपासून घेतलेली. तिच्या कारखान्याचें नांव मी सांगत नाहीं, कारण जो दोष अखेर निघाला तो वयाचा होता, कारखान्याचा नव्हे.

मे महिन्याच्या एका दुपारीं लालबहादूर शास्त्री मार्गावर, भांडुपच्या पुढें, चालती गाडी एकाएकीं मुकी झाली. धडपडली नाहीं, खोकली नाहीं. दिव्याचें बटण दाबावें तसें इंजिन बंद झालें. मागून भोंग्यांचा एकच कल्लोळ. कसाबसा गाडी डावीकडे घेऊन मी किल्ली फिरवीत राहिलों. स्टार्टर इंजिनाला खडखडून फिरवी, पण इंजिन कांहीं पेट घेईना. शेजारीं बसलेल्या मंडळींनीं घड्याळाकडे पाहिलें आणि त्या कांहीं बोलल्या नाहींत. तें न बोलणेंच मला फार लागलें.

अशा प्रसंगीं माणूस जुन्या ज्ञानाकडे धांव घेतो. मी मोटार चालवावयास शिकलों ती एका स्नेह्याच्या पद्मिनीवर. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून निघालेल्या त्या गाड्या आपणांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असतील. त्या जातीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. त्या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच चिकटलेला असे. उन्हाळ्यांत बोरघाट चढतांना इंजिन तापे, नळींतल्या पेट्रोलची वाफ होई, आणि वाफ ढकलणें पंपाला साधत नसल्यामुळें इंजिन उपाशी मरे. मग चालक मंडळी खाली उतरून पंपावर ओलें फडकें ठेवीत, एखादी विडी ओढीत, आणि गाडी चालूं होई. मींही तेंच केलें. पिण्याच्या पाण्याची बाटली रुमालावर ओतली, इंजिनाच्या नळ्यांवर तो रुमाल ठेवला, आणि वीस-पंचवीस मिनिटांनीं किल्ली फिरवितांच गाडी चालूं झाली! मला आपल्या अनुभवाचा जो अभिमान वाटला तो विचारूं नका. पुढें दोन वेळां असेंच झालें आणि दोन्हीं वेळां रुमालानें काम केलें.

आणि हेंच चुकलें होतें. ज्या मास्तरानें वर्गांत मुलांना ‘एकामागून एक घडलें म्हणजे एकामुळें दुसरें घडलें असें नव्हे’ म्हणून शेंकडों वेळां बजावलें, त्यालाच हें सुचूं नये! चौथ्या वेळीं रुमाल घरीं विसरला होता. मी नुसताच बसून राहिलों; आणि वीस मिनिटांनीं गाडी तशीच चालूं झाली. काम फडक्यानें केलें नव्हतें, वेळानें केलें होतें.

येथें जुन्या व नव्या गाडींतला भेद थोडक्यांत सांगितला पाहिजे. जुन्या गाडींत कार्बोरेटर असे; इंजिन हवा आंत ओढी आणि त्या ओढीबरोबर पेट्रोलचा फवारा आपोआप मिसळे. मुंबईसारख्या शहरांत धुराचे नियम कडक होत गेले, १९९५ पासून शिसेंविरहित पेट्रोल आलें, आणि २००० सालाच्या सुमारास कार्बोरेटर मागें पडून पेट्रोल मोजून फवारणारीं इंजिनें सर्वत्र झालीं. जगांत ही विद्या त्याहून पुष्कळ जुनी. जर्मनींतल्या बॉश कंपनीची विजेवर चालणारी फवारणी १९६७ सालींच फोक्सवॅगनच्या मोटारींत बसली होती. अशा गाडींत पंप पेट्रोलच्या टाकींतच बुडविलेला असतो, नळींत सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला तीन किलोग्रॅमच्या आसपास दाब असतो, आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशीं एक बारीक पिचकारी असते. पिचकारी कधीं उघडावयाची, किती वेळ उघडी ठेवावयाची आणि ठिणगी केव्हां पाडावयाची, हें सारें एक लहानसा संगणक ठरवितो. मेकॅनिक त्याला ईसीएम म्हणतात. त्याला स्वतःचे डोळे नाहींत. हवा किती आली, इंजिन किती तापलें, फिरता दांडा कोणत्या ठिकाणीं आहे, या सर्व बातम्या त्याला सेन्सर नांवाचे दूत आणून देतात. दाब मोठा आणि पंप टाकींत, म्हणून वाफेनें गाडी अडण्याचा प्रकार या गाड्यांत क्वचितच होतो. माझें पद्मिनीवरचें शहाणपण या गाडीला लागूंच नव्हतें.

एका गॅरेजवाल्यानें प्रथम प्लग बदलले. मग गाळणी बदलली. मग पंप बदलला. प्रत्येक वेळीं गाडी दोन-तीन दिवस नीट चाले, आणि प्रत्येक वेळीं आम्हीं पेढे वाटावयाचेंच तेवढें ठेवलें. साडेअकरा हजार रुपये गेल्यावर मला निराळाच संशय आला, कीं पेट्रोलांतच भेसळ आहे. ज्या पंपावर मी वर्षानुवर्षें पेट्रोल घेत आलों तेथें जाऊन मीं चार लोकांसमक्ष मोठ्या आवाजांत तसें बोलून दाखविलें. तेथील तरुण मनुष्य शांतपणें म्हणाला, “सर, गाळणकागदाची चांचणी करून घ्या, तो तुमचा हक्कच आहे.” त्यानें नळीच्या तोंडावरून एक थेंब कागदावर टाकला. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांत उडून जातें आणि मागें डाग उरत नाहीं. डाग उरला नाहीं. त्या मुलाची मीं दुसऱ्या दिवशीं जाऊन क्षमा मागितली. पण चार लोकांसमक्ष बोललों आणि क्षमा एकांतांत मागितली, हें आजही मनाला टोंचतें.

त्या रात्रीं मीं एक शंभर पानी वही काढली आणि तिच्यावर रकाने आंखले. तारीख, घरापासून किती मिनिटांनीं थांबली, ऊन कीं पाऊस, वातानुकूलन चालूं होतें कीं बंद, टाकींत पेट्रोल किती, इंजिन कसें थांबलें, परत किती वेळानें चालूं झालें. श्रोतेहो, मोटारीच्या रोगाचें निदान करूं इच्छिणाऱ्यानें पान्याला हात लावण्यापूर्वीं ही वही करावी. ऑगस्टअखेर तींत अकरा नोंदी झाल्या. पेट्रोलच्या पातळीशीं कांहीं संबंध दिसेना. पावसाशीं नाहीं. वातानुकूलनाशीं नाहीं. एकच गोष्ट अकराही ठिकाणीं सारखी होती: इंजिन पुरतें तापल्यावांचून, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटें चालल्यावांचून, गाडी कधींच थांबली नव्हती, आणि निवल्यावांचून कधींच सुरू झाली नव्हती.

आणखी एक खूण मीं नोंदली होती, जिचा अर्थ मला तेव्हां कळला नव्हता. गाडी गियरमध्यें असतांना इंजिन बंद पडलें तरी चाकें त्याला कांहीं वेळ फिरवीतच राहतात. असें असतां इंजिनाचे फेरे दाखविणारा कांटा हळूहळू उतरावयास पाहिजे. माझ्या गाडींत तो एकदम शून्यावर पडे.

भांडुपला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गॅरेज आहे. वर्गांत तो शेवटच्या बाकावर बसे आणि मीं त्याला गणितांत दोनदां नापास केलें होतें, म्हणून त्याच्याकडे जाण्याचा मला संकोच होता. अखेर गेलों. त्यानें गाडीकडे पाहिलेंच नाहीं. वही घेऊन बसला. सर्व पानें वाचून म्हणाला, “सर, कांटा एकदम पडतो हें नक्की ना? मग मी गाडी इथें उघडत नाहीं. तुमच्याबरोबर येतों, ती बंद पडेपर्यंत चालवूं.”

मला हें निदानाचें मर्म वाटतें. रोगी बरा असतांना वैद्यानें नाडी पाहून काय उपयोग? गाडी बंद पडते, आपण ती ओढून गॅरेजांत नेतों, तोंवर ती निवते आणि तेथें निमूटपणें चालूं होते. मग मेकॅनिक अंदाजानें एकेक भाग बदलीत बसतो. माझे साडेअकरा हजार असेच गेले होते.

त्याप्रमाणें आम्ही दोघे निघालों. पूर्व द्रुतगती मार्गावर कांजूरमार्गपाशीं गाडीनें आपला नेम साधला. त्यानें ती बाजूच्या रस्त्यावर घेतली आणि म्हणाला, “आतां सर, घाई करायची. वीस मिनिटें आहेत आपल्याकडे.” प्रथम त्यानें मला मागच्या आसनाशीं कान लावावयास सांगितला आणि किल्ली अर्धी फिरविली. टाकींतून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकूं आली. म्हणजे पंपाला वीज मिळते व पंप फिरतो. मग त्यानें एक जादा प्लग तारेला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेंकविला, आणि मला स्टार्टर फिरवावयास लावला. ठिणगी नाहीं. पिचकाऱ्यांची टकटक नाहीं. कांटाही जागचा हलला नाहीं. (हा ठिणगीचा प्रयोग आपण घरीं करूं नये, दाब हजारों व्होल्टचा असतो आणि जवळ पेट्रोल असतें.) ठिणगी व पेट्रोल हीं दोन्हीं एकाच वेळीं बंद व्हावींत, असें एकच कारण त्याच्या मनांत होतें.

इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर दात असलेलें एक चाक असतें आणि त्याच्या अगदीं जवळ एक सेन्सर बसविलेला असतो. माझ्या गाडींतला तो म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोंवतीं केंसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें. दात पुढून गेला कीं वेटोळ्यांत विजेची लहानशी लाट उठते. सायकलच्या डायनॅमोचेंच हें धाकटें भावंड. या लाटा मोजून ईसीएमला कळतें कीं इंजिन फिरत आहे. लाट थांबली तर त्याची समजूत अशी होते कीं इंजिन उभें आहे. मग तो ठिणगी पाडीत नाहीं, पिचकारी उघडीत नाहीं आणि पंपही थांबवितो. उभ्या इंजिनांत पेट्रोल ओतणें धोक्याचें, म्हणून त्याचें हें वागणें बरोबरच आहे.

त्यानें सेन्सरच्या तारा सोडवून मीटर लावला. वेटोळें तुटलेलें दाखवीत होतें. आम्ही तसेच बसून राहिलों. सतरा-अठरा मिनिटांनीं मीटरचे आंकडे थरथरले आणि साडेआठशे ओहमच्या आसपास येऊन स्थिर झाले. किल्ली फिरविली, गाडी चालूं!

वर्गांत मीं एक प्रयोग वर्षानुवर्षें करून दाखविला होता. पितळेचा गोळा थंड असतांना कड्यांतून सहज जातो, तापविला कीं अडकतो, निवला कीं पुनः जातो. उष्णतेनें धातु प्रसरण पावतो. माझ्या सेन्सरमध्येंही तेंच चाललें होतें. आंत कोठें तरी तार तुटलेली, तापल्यावर तीं टोकें एकमेकांपासून दूर सरत आणि निवल्यावर पुनः भिडत. माझ्या विद्यार्थ्यानें मला माझाच धडा वाचून दाखविला. नवा सेन्सर बसविण्यास अर्धा तास लागला.

आतां ऐकणाऱ्यांपैकीं कोणी लगेच जाऊन तोच सेन्सर बदलून घेतील, तर माझें बोलणें वायां गेलें. कारण डिसेंबरांत माझीच गाडी पुनः थांबूं लागली, आणि या वेळीं रोग अगदीं निराळा होता. सिग्नलला उभें राहिलें कीं इंजिन कापरें भरल्यासारखें करी, हळूहळू दम सोडी आणि बंद पडे. पण किल्ली फिरवितांच चालूं होई. मंडळींनीं नुसतें “पुनः तेंच का?” असें विचारलें, तेव्हां त्यांच्या आवाजांतली भीति मला कळली. मी वही पाहून सांगूं शकलों कीं तें नव्हे. इंजिन मंद फिरत असतां त्याला जी थोडीशी हवा लागते ती हवेच्या झडपेशेजारच्या बारीक वाटेनें येते. त्या वाटेंत व झडपेच्या कांठावर काजळी सांचली होती. ती साफ केल्यावर तक्रार गेली. त्या कामाला फारसे पैसेही पडले नाहींत.

तेव्हां इंजिन कसें थांबतें हें आधीं पाहावें. दिवा मालवल्यासारखें एकदम थांबलें तर बहुधा विजेचा, सेन्सरचा किंवा एखाद्या सैल तारेचा दोष; बॅटरीच्या टोकांवर व जमिनीच्या तारेवर आपल्या खाऱ्या हवेनें गंज चढतो, तोही पाहावा, कारण तें पाहण्यास खर्च नाहीं. धक्के देत, चढावर दम लागून थांबलें तर पेट्रोल पुरेसें पोंचत नाहीं. फक्त उभें असतांना थांबलें तर हवेच्या वाटा तपासाव्या. ब्रेक दाबतांच अडखळलें तर ब्रेकला साहाय्य करणाऱ्या नळींतून हवा गळत असण्याचा संभव आहे. पावसांतच थांबत असेल तर ठिणगीच्या जुन्या तारा. समोरच्या फळीवरचा पिंवळा इंजिनदिवा लागला असेल तर मेकॅनिककडून यंत्र लावून संकेतांक वाचून घ्यावा. पण माझ्या गाडींत तो दिवा एकदांही लागला नव्हता, म्हणून दिवा नाहीं तर दोष नाहीं असें समजूं नये.

आपल्याकडील दोन गोष्टी विशेष. पुष्कळ गाड्या सीएनजीवर चालतात आणि मालक काटकसरीनें टाकींत पेट्रोल नांवापुरतें ठेवतात. टाकींतला पंप पेट्रोलनेंच थंड राहतो. तें कमी झालें कीं पंप तापून लवकर मरतो. दुसरें, २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येऊं लागलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठीं बनविलेल्या नव्हत्या. नळ्या व गाळणी वरचेवर पाहणें आलेंच.

पावसाळ्याबद्दल एकच. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां कित्येक इंजिनें पाण्यानें नव्हे, तर मालकांनीं पुनः पुनः किल्ली फिरविल्यानें फुटलीं. पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत तें शिरलें असतां स्टार्टर फिरविला तर आंतला दांडा वांकतो. अंधेरीच्या भुयारी मार्गासारख्या ठिकाणीं पाण्यांत गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावूं नये. गाडी राहूं द्यावी, माणसांनीं बाहेर पडावें.

आणि चालत्या गाडींत इंजिन थांबलें तर? ब्रेकमध्यें आणखी एकदोन दाबांपुरतेंच साहाय्य शिल्लक राहतें, पुढें पायाखालीं ब्रेक दगडासारखा लागतो. म्हणून तो पुनः पुनः न सोडतां एकदांच जोरानें दाबून ठेवावा. सुकाणूं जड होतें, पण फिरतें. किल्ली मात्र पूर्ण मागें फिरवून काढूं नये, नाहीं तर सुकाणूंला कुलूप बसतें. चारी इशारादिवे लावून डावीकडे यावें. हें मीं मंडळींनाही शिकवून ठेवलें आहे. त्या गाडी चालवीत नाहींत, पण दिव्यांचें बटण कोठें आहे तें त्यांना ठाऊक आहे.

तो जुना सेन्सर मीं आमच्या शाळेला दिला. शिक्षकबाई तो मीटरला जोडून आधीं थंड असतांना मुलांना आंकडा वाचावयास सांगतात, मग गरम हवेच्या यंत्रानें तापवितात. पितळेचा गोळा आणि कडें त्याच कपाटांत शेजारीं आहेत. आमची गाडी अजून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार घाटकोपरला जाते. वहींत गेल्या डिसेंबरपर्यंत नवी नोंद झालेली नव्हती, आणि जानेवारींत जी एक झाली ती इंजिनाची नव्हे, पंक्चरची आहे.